तीन पावलांचा वारा

खुंटाबाईंचं वजन एकशे अठरा किलो होतं तोवर शहराबाहेरच्या त्या मैदानावर वारा बेताचा वाहत असे. त्यांचं वजन सत्त्याण्णववर आलं आणि वारा वाढला. निदान मालक तसं म्हणत, पायलट म्हणे, ट्रकवाला म्हणे. मालकांच्या थोरल्या बहिणीनं तर जाहीरच करून टाकलं होतं, की आमच्या वेळी वारासुद्धा मर्यादेनं वागायचा. खरी गोष्ट एकट्या खुंटाबाईंना ठाऊक होती, आणि ती तोंडातून निघाली की नोकरी गेली, हेही ठाऊक होतं.

धंदा होता गरम हवेच्या फुग्याचा. माणसं भल्या पहाटे उठून येतात, टोपलीत उभी राहतात, तासभर वर जाऊन खाली बघतात आणि परत आल्यावर भेटेल त्याला सांगतात, की वरून माणूस काय क्षुद्र दिसतो हो! एवढं कळायला लोक पैसे मोजतात. खालून वर बघणाऱ्यांना हे फुकट कळलेलं असतं.

फुगा वर गेला की सगळे माना वर करून धडधडत्या छातीनं बघतात. वास्तविक वर गेलेल्या फुग्याची काळजी करण्यासारखं फारसं काही नसतं. तो वाऱ्याबरोबरच चाललेला असतो, त्याला वारा लागतच नाही. खरी भीती तो जमिनीवर असताना. तीन मजली घराएवढं कापड, त्यात हवा भरलेली, आणि खाली चारपाच माणसं त्याला धरून उभी. तेवढ्यात वारा आला की तो काही ‘मी येऊ का’ म्हणून विचारत नाही. त्यातही एक वाईट खोड असते. आतली हवा पुरती तापायच्या आधीच वारा फुग्याच्या डोक्यावरून जोरात वाहिला की फुगा उचलला जातो. ही खोटी उचल. माणसांना वाटतं निघालो, आणि वारा पडला की फुगा टोपलीसकट धाडकन खाली येतो. म्हणून फुग्याच्या शेंड्याला एक लांब दोर असतो, आणि तो धरायला एक माणूस लागतो. हवा भरताना फुग्याला वळवळू द्यायचं नाही, एकदम उठू द्यायचं नाही, हे त्या माणसाचं काम. वजनदार माणूस पाहिजे. अक्कल असली तर सोन्याहून पिवळं, पण जाहिरातीत तेवढं लिहीत नाहीत.

खुंटाबाई या कामावर लागल्या त्या अर्जबिर्ज करून नव्हे. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा, टायरचं दुकान चालवणारा, कंपनीच्या ट्रकचं चाक बदलायला मैदानावर आला होता आणि बाई सहज सोबत आल्या होत्या. तेव्हाच वारा सुटला. दोराला लटकलेले तीन काटकुळे गडी गवतावरून घसरगुंडी खेळत निघाले. बाईंना काही कळत नव्हतं, पण समोरून दोर चाललाय म्हटल्यावर त्यांनी तो धरला आणि मागे रेलल्या. फुगा थांबला. मालकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरपासून खालपर्यंत एकदा आकारमान पाहिलं आणि म्हणाले, “उद्यापासून येता का?”

जन्मभर ज्या देहावरून बाईंनी टोमणे खाल्ले, त्या देहाला कुणी पगार देतो म्हणाला. लग्नात सासूबाईंनी फोटोवाल्याला ‘जरा मागे सरकून घे रे बाबा’ सांगितलं होतं. नणंदा कपडे भेट देताना माप विचारून मग एकमेकींकडे बघत. आणि इथं मालक म्हणतात, बाई, तुम्ही आमचा खुंटा. नाव पडलं ते पडलंच. खुंटाबाई नावानं हाक मारली की बाई ताठ मानेनं ‘ओ’ देत. मैदान सोडून दुसऱ्या कुठल्याही जागी एवढा मान त्यांना कधी मिळाला नाही, आणि तो मान त्यांना किती प्यारा होता हे नवऱ्यालाच काय ते माहीत.

आता वारा किती आहे हे मोजायचं एक यंत्र मिळतं. कंपनीकडेही होतं. त्यातला सेल संपून त्याला काळं पाणी सुटलं तेव्हापासून ते मालकांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं असे. नवं का आणलं नाही? कारण पायलटनं त्याहून भारी पद्धत काढली होती. पंख्यानं फुगा अर्धा भरला, की हवा तापवायची शेगडी पेटवायच्या आधी तो पूर्ण एक मिनिट खुंटाबाईंच्या पावलांकडे बघायचा. झुळुकेनं बाई एक पाऊल ओढल्या गेल्या, तर जायचं. दोन पावलं, तर थांबायचं. तीन पावलं, तर गाशा गुंडाळायचा, मग समोर साक्षात राजा उभा असला तरी. यंत्राला नाकासमोरचा वारा कळतो, पायलट म्हणायचा, ताईंना दोरातून वरचा कळतो. चौदा वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. पाहुण्यांना ही पद्धत कुणी सांगत नसे, ते एक बरं होतं.

बाईंनी स्वतःपुरते दोन नियम ठेवले होते. दोर मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, आणि दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की त्याच क्षणी हात सोडायचा. दुसऱ्या नियमाची वेळ कधी आली नव्हती. एकशे अठरा किलोंना वेळ येते कुठे?

मग गुडघे आले. म्हणजे ते होतेच, पण आता बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, “वर्षभरात वीस किलो उतरवा, नाहीतर काठी घ्या. काठीनंतर खुर्ची. ठरवा तुम्ही.”

“माझं कामच वजनाचं आहे हो,” बाई म्हणाल्या.

“मग गुडघे कामावर ठेवून घरी या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. त्यात मालकांचा मेहुणा. एकशे तीस किलोंचा, कामधंदा नसलेला, सकाळी दहापर्यंत घोरणारा आणि बहिणीच्या जिवावर जेवणारा. मालकीणबाई वर्षातून चारदा सुचवत, की आमच्या भावाला दोरावर लावा ना, नाहीतरी नुसता बसूनच असतो. मालक टाळत. बाईंच्या वजनात घट निघाली असती, तर टाळायला निमित्त उरलं नसतं.

म्हणून बाईंनी वजन उतरवलं, पण गुपचूप. ताटात दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं. संध्याकाळी दुकानापर्यंत चालत जाऊन चालत परत येऊ लागल्या. आठ महिन्यांत एकवीस किलो गेले. जिने चढताना कठड्याला लोंबकळायचं थांबलं. आणि गंमत अशी, की हे एवढं मोठं घबाड गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. कंपनीचं जाकीट आधीच तंबूएवढं. शिवाय माणूस जाड आहे असं लोकांनी एकदा ठरवलं, की ते पुन्हा बघायची तसदी घेत नाहीत.

लक्षात आलं ते वाऱ्याच्या. पूर्वी ज्या झुळुकेला बाई एक पाऊल सरकत, त्याच झुळुकेला आता तीन सरकू लागल्या. पायलट हात आडवा करायचा, पाहुणे चहा पिऊन घरी जायचे. आठवड्यातून चार चार उड्डाणं रद्द. पायलटनं शोध लावला, की पश्चिमेची झाडं तोडल्यामुळे वारा मोकळा झालाय. झाडं तोडून सहा वर्षं झाली होती, पण शोध तो शोध. मालकांनी फाटकावर बोर्ड लावला, ‘बदलत्या हवामानामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, इथं सगळ्या कंपनीनं मिळून आकाश वाकडं ठरवलं. बाई मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “हो ना, काय वारा सुटलाय बाई यंदा.”

शेवटी मालक म्हणाले, असंच चाललं तर दोन महिन्यांत धंदा बंद. त्या दिवशी बाई घरी येऊन पलंगावर बसून रडल्या. नवऱ्यानं त्यांना रडताना फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस नेहमी हत्यारं काढतो. त्यानं माळ्यावरून आपले जुने फुटबॉलचे बूट काढले, दुकानात नेले आणि तळव्यांना बोटाएवढे लांब खिळे बसवून आणले.

“हे घाल. हत्तीनं ओढलं तरी हलणार नाहीस.”

“अहो, पण दोन नंबर मोठे आहेत.”

“कागद कोंब पुढे. आणि घट्ट बांधू नकोस, सूज येते तुला.”

दुसऱ्या दिवशी बाई मैदानावर एकही पाऊल सरकल्या नाहीत. पायलटचा चेहरा उजळला. पाहुणे वर गेले. मालकांनी बोर्ड काढून टाकला. हवामान जसं बदललं होतं तसं एका रात्रीत सुधारलं, आणि जगातल्या एवढ्या मोठ्या घडामोडीची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. बाईंच्या पायांकडे सगळे बघत होते, पायात काय आहे ते कुणी बघत नव्हतं. गवतही मदतीला होतं.

पावलं खोटं बोलत होती, पण खांदे बोलत नव्हते. चौदा वर्षं दोर धरलेल्या खांद्यांना सगळं कळायचं. ते सांगायचे, आजचा एक पावलाचा. आजचा दोनाचा. एके दिवशी तीन सांगून गेले. बाईंनी ओठ दाबले. फुगा वर गेला, जरा आपटत उतरला, पाहुणे हसत हसत बाहेर आले. तेव्हा बाईंनी मनाची समजूत घातली, की पायलट उगाचच जास्त काळजी घेतो. एवढ्या तेवढ्यानं काही होत नाही. माणूस स्वतःला किती स्वस्तात पटवतो बघा.

तेराव्या दिवशी सहा दंतवैद्य आले. त्यांची कसलीशी परिषद होती आणि सोबत फोटोवाला होता, म्हणून मालक स्वतः हजर, इस्त्री करून. गाडी त्यांनी नेहमीप्रमाणे फुग्याच्या पलीकडे, बरोबर वाऱ्याच्या तोंडी लावली. तिथं लावू नका, हे पायलटनं त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण मैदान मालकांचं, गाडी मालकांची, वारा तेवढा दुसऱ्याचा.

पंखा सुरू झाला. कापड फुगलं, लोळलं, अर्धं उठलं. पायलट टोपलीपाशी उभा राहून बाईंच्या पावलांकडे बघू लागला. दोर ताणला. बाईंचे खांदे कानांपर्यंत ओढले गेले. चार. खांदे स्पष्ट चार म्हणाले. पावलं जागच्या जागी.

“शून्य!” पायलट ओरडला आणि अंगठा वर केला. शेगडी पेटली, फुगा उभा राहिला, मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि दंतवैद्यांनीही वाजवल्या.

“ताई, दोर आणा बांधायला!” पायलटनं हाक दिली. फुगा उभा राहिला की बाईंनी टोपलीपाशी येऊन दोर तिथं बांधायचा असतो. पण बाई हलू शकत नव्हत्या. जरा ढिलं सोडलं असतं तर फुगा आडवा झाला असता. पहिला दंतवैद्य टोपलीत चढला. दुसरा चढला, हसून फोटोसाठी वळला. फुगा डोक्यावरून वारा पिऊन एकदम हातभर उचलला गेला आणि धप्पकन बसला. दोघे आत कोलमडले आणि हसले. त्यांना वाटलं हाच आनंद. पायलट हसला नाही. त्यानं पुन्हा बाईंच्या पावलांकडे पाहिलं. पावलं शांत. तेव्हा तोही सैल झाला आणि त्यानं तिसऱ्याला हात दिला.

ओरडायला बाईंनी तोंड उघडलं. वारा उलटा होता आणि शेगडीचा आवाज एवढा, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर पहिली हाक त्यांनी जरा हळूच मारली होती. पोटात अजून ती नोकरी होती. दुसरी हाक मात्र त्यांनी जीव तोडून मारली. कुणी वळलं नाही. वळून करायचं काय, सगळे पावलांवर विसंबलेले.

मग खुंटाबाईंनी आपली पावलं खरी केली. आधी उजवी टाच, मग डावी, मोठ्या बुटांतून त्यांनी पाय ओढून काढले आणि मोज्यांनिशी गवतावर उतरल्या.

एक. दोन. तीन. चार. पाच. पायलटनं पाहिलं तेव्हा बाई पाठीवर रेललेल्या, दोन्ही टाचांनी गवत नांगरत टोपलीच्या बाजूला चालल्या होत्या, आणि त्यांचे बूट मागे जमिनीत रोवलेले, रिकामे, अगदी शिस्तीत उभे होते. सहाव्या पावलाला त्यानं लाल दोरी खेचली. फुग्याचा माथा उघडला, हवा भसकन निघाली. त्याच वेळी बाईंचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. त्यांनी हात सोडला आणि त्या बसल्या त्या चांगल्या दहा हातांवर.

टोपली कलंडून थोडी फरफटली. सगळं कापड मालकांच्या गाडीवर जाऊन पडलं आणि गाडीचा आरसा घेऊन गेलं. माणसं वाचली. एका दंतवैद्याचा पुढचा दात पडला, पण त्याची सोय तिथल्या तिथे होती.

दंतवैद्यांनी बाईंना डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बाई ओढल्या गेल्या तरी दोर सोडला नाही म्हणून! फोटोवाल्याकडे सगळं होतं. दात पडलेला तर बाईंचा हात सोडेना. तोपर्यंत पायलट मागे जाऊन बूट उपटून घेऊन आला होता. त्यानं ते उलटे केले. एक खिळा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग बाईंना गर्दीतून बाजूला बोलावलं.

“किती दिवस घालताय?”

“आज तेरावा.”

“खरा वारा किती होता रोज?”

बाईंना तोंडपाठ होता. त्यांनी सांगितलं, सोमवारी एक, मंगळवारी दोन, बुधवारी एक. तो मान न हलवता ऐकत होता.

“गेल्या शुक्रवारी?”

“तीन.”

“शुक्रवारी माझी पोरगी होती वर.”

“माहितीय,” बाई म्हणाल्या. “मीच तिला उचलून टोपलीत दिली.”

यावर तो चिडेल, शिव्या देईल, निदान बूट फेकून मारेल असं बाईंना वाटलं. त्यांनी मान पुढे करून ठेवली होती. त्यानं बूट त्यांच्यापुढे गवतावर ठेवले आणि कापड गोळा करायला निघून गेला.

मालक आले ते हसत. तुटलेला आरसा काखेत होता. “बाई, कमाल केलीत! डॉक्टर मंडळी काय खूश आहेत! फाटकावर तुमचा मोठा फोटो लावतो. खाली लिहू, सुरक्षा प्रमुख. आणि बसायला खुर्ची देतो, गुडघे दुखतात ना तुमचे?”

बाईंनी सगळं सांगून टाकलं. एकवीस किलो, खिळे, तेरा दिवस. शुक्रवारसुद्धा. मालक एकदा दंतवैद्यांकडे बघून म्हणाले, “हळू बोला जरा.” मग त्यांनी खाली वाकून बूट नीट न्याहाळले. अगदी कौतुकानं विचारलं, “यजमान आणखी एक जोड करून देतील का? वारा थोडाच जास्त असेल त्या दिवशी वापरायला. तुमची नोकरी कुठे जात नाही, बाई. वजनाचं काय एवढं!”

ज्या नोकरीसाठी आठ महिने जीव टांगणीला लागला होता, ती समोर अशी खुर्चीसकट उभी होती. पलीकडे पायलट एकटाच कापडाच्या घड्या घालत होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

“मेहुण्यांना बोलवा उद्यापासून,” बाई म्हणाल्या.

“त्याला? अहो, त्याला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही!”

“कळायला नकोच आहे,” खुंटाबाई म्हणाल्या. “वाऱ्यानं ओढलं की सरकायचं, एवढंच काम आहे. चौदा वर्षं मला जमलं. गेले बारा दिवस नाही जमलं.”